राष्ट्रपति कोणत्या मताचा असावा?

आमच्या थोरल्या बंधूंची नात अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत राहते. गेल्या दिवाळींत ती नशिराबादेस आली असतां तिनें आम्हांला आपल्या मोबाईलवर एक गंमत दाखविली. तिकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली म्हणजे मतदारापुढें प्रश्नांची एक लांबलचक यादी ठेवितात. श्रीमंतांवरील कर वाढवावा कीं नाहीं, बंदूक बाळगण्याचा हक्क मर्यादित करावा काय, बाहेरून येणाऱ्यांस कितपत थारा द्यावा, औषधपाण्याचा खर्च सरकारनें सोसावा काय, अशा प्रश्नांचीं 'होय' 'नाहीं' अशीं उत्तरें दिलीं, कीं यंत्र हिशेब करून सांगतें : तुमचें मत अमक्या उमेदवाराशीं शेंकडा इतकें जुळतें. पत्रिका जुळविण्याचाच हा प्रकार. गुण छत्तिसांऐवजीं शंभर, इतकेंच. तिनें आमचींहि उत्तरें घेतलीं, आणि जो वर आमच्या गळ्यांत पडला तो पाहून ती पोट धरून हंसली. मग तिनें विचारलें, "आजोबा, तुमच्या राष्ट्रपतीसाठीं असें कांहीं नाहीं का?"

आम्हीं चटकन् "नाहीं" म्हणून सांगितलें. आपल्याकडे राष्ट्रपतीला मत देण्याचा अधिकार तुम्हां-आम्हांला नाहीं. तो संसदेच्या आणि विधानसभांच्या निवडून आलेल्या सभासदांचा. शिवाय राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेंच वागावें लागतें. तेव्हां कराविषयीं किंवा कापसाच्या भावाविषयीं त्याचें मत काय, हें विचारून उपयोग तरी काय? उत्तर शास्त्रशुद्ध होतें आणि पोर गप्प बसली. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आम्हांला चैन पडेना. कारण ज्या प्रश्नाला आम्हीं इतक्या सहज वाटेला लाविलें, त्याच प्रश्नावरून २००७ सालीं ह्याच घरांत आम्ही आणि तिचे सख्खे आजोबा पंधरवडाभर एकमेकांशीं बोललों नव्हतों.

त्या वर्षीं १४ जून रोजीं प्रतिभाताई पाटील यांचें नांव जाहीर झालें आणि खानदेशांत एकच आनंद झाला. नशिराबाद हें जळगांव-भुसावळ रस्त्यावरचें गांव. भुसावळेच्या पुढें बोदवडाकडे गेलें कीं ताईंचें जन्मगांव नाडगांव. शिक्षण जळगांवास झालेलें. मूळजी जेठा महाविद्यालयांत असतांना त्या टेबल-टेनिसांत चमकल्या होत्या, ही आठवण त्या दिवसांत जो तो सांगूं लागला. वयाला सत्तावीस वर्षें पुरीं होतात न होतात तों, १९६२ सालीं, त्या जळगांवांतून विधानसभेवर निवडून गेल्या. पुढें १९८५ पर्यंत एदलाबादेहून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगराहून. राष्ट्रपतिभवनांत तोंवर एकहि स्त्री राष्ट्रपति म्हणून गेली नव्हती आणि एकहि मराठी माणूस गेला नव्हता. आणि आतां जी जाणार ती आपल्या जिल्ह्याची! राज्यघटनेचें एक कलम ज्याला ठाऊक नाहीं तोहि स्टँडवर उभा राहून 'आपली लेक' म्हणून बोलूं लागला. आम्हांला कलमें ठाऊक होतीं, परंतु आम्हीहि तेंच बोलूं लागलों.

वास्तविक आमच्या घराचें राजकीय मत त्या पक्षाचें नव्हे. थोरले बंधु तर तरुणपणापासून जनसंघाचे. आणीबाणींत त्यांनीं एकोणीस महिने तुरुंगांत काढले. वहिनींनीं त्या काळांत शिवणकाम करून घर चालविलें, आणि आमची शाळेची फी भरण्यासाठीं हातांतल्या दोन बांगड्या मोडल्या. असें असतां आम्ही उमेदवाराच्या माहेराचें कौतुक करीत ओटीवर आलों, तेव्हां ते वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणाले, "तूं मुलांना नागरिकशास्त्र शिकवितोस, आणि स्वतः मात्र सोयरीक पाहतोस. नाडगांव येथून किती कोसांवर आहे, हा का राष्ट्रपतीचा गुण?"

आम्हीं शिवसेनेचें उदाहरण पुढें केलें. तो पक्ष प्रतिस्पर्धी उमेदवार भैरोसिंग शेखावत यांच्या आघाडींतला. तरीहि बाळासाहेब ठाकरे यांनीं मराठी उमेदवार म्हणून ताईंस पाठिंबा दिला. बंधूंनीं उलट विचारलें, "मग १९९७ सालीं त्यांनीं शेषनांना मतें दिलीं तीं कोणत्या मराठीपणासाठीं?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. (पुढें २०१२ सालीं त्याच पक्षानें प्रणव मुखर्जींना मतें दिलीं, बंधूंनीं तेंहि आम्हांला आठवणीनें ऐकविलें.) वहिनी आंतून म्हणाल्या, "भांडतां कशाला? निवडून शेखावतच येणार." ताईंच्या यजमानांचें आडनांव शेखावत, हें त्यांच्या ध्यानांत होतें! त्या विनोदावर आम्ही दोघेहि हंसलों नाहीं, यावरून प्रकरण कोठवर गेलें होतें तें वाचकांस कळेल.

शाळेंत मात्र आम्हीं ह्या निवडणुकीचा धडा करून टाकिला. नववीच्या वर्गांत चाळीस मुलें. आधीं मतांच्या किंमतीचें गणित. घटनेच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणें आमदाराच्या मताची किंमत राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते, आणि ती लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची धरतात. महाराष्ट्राची त्या वेळची वस्ती ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनीं भागावें, पुन्हां हजारांनीं भागावें, कीं उत्तर १७५. खासदाराचें मत त्या वर्षीं ७०८ होतें. मग आम्हीं चिठ्ठ्या वाटल्या. मुलांच्या हट्टास्तव तिसरें नांव कलामांचें घातलें. त्यांनीं पुन्हां उभें राहण्यास नकार दिला होता, परंतु नववीच्या वर्गाला त्याचें काय! प्रत्येकानें नांवांपुढें १, २, ३ असे पसंतीचे अंक घालावयाचे. एका मुलानें विचारलें, "सर, मला एकच आवडतो, तर दुसरा अंक कां घालूं?" आम्हीं सांगितलें, "घालूं नकोस, कायद्यानें सक्ती नाहीं. पण मग तुझा माणूस पडला कीं तूं घरीं बसलास."

मोजणींत कलामांस १७, ताईंस १५ आणि शेखावतांस ८ मतें पडलीं. "कलाम! कलाम!" म्हणून वर्ग ओरडूं लागला. परंतु चाळीसांत एकवीस पाहिजेत. शेखावत बाद झाले, त्यांच्या आठ चिठ्ठ्यांवरील दुसरा अंक पाहिला : सहा ताईंकडे, दोन कलामांकडे. ताई एकवीस, कलाम एकोणीस. वर्गांत क्षणभर शांतता पसरली. पहिल्या पसंतींत मागें असलेला उमेदवार पुढें गेला, आणि तोहि ज्यांचा स्वतःचा माणूस पडला त्यांच्या दुसऱ्या पसंतीनें, हें मुलांना अन्यायासारखें वाटलें. खऱ्या निवडणुकींत असा पेंच आला नाहीं. १९ जुलै रोजीं मतदान होऊन २१ ला मोजणी झाली. ताईंस ६,३८,११६ आणि शेखावतांस ३,३१,३०६ अशीं किंमतीनें मतें पडलीं.

त्या दिवशीं आम्ही पेढे घेऊन घरीं आलों आणि बंधूंपुढें डबा धरला. त्यांनीं तो हळूच बाजूला सारला. रागावले नाहींत, हें आम्हांला अधिक लागलें. तेथून पुढें तो पंधरवडा.

बोलणें पुन्हां सुरू झालें तें वर्गांतील निवडणुकीच्या निमित्तानें. कोणा विद्यार्थ्याकडून ती हकीकत त्यांच्या कानीं गेली होती. ते म्हणाले, "तुझ्या मुलांनीं १९६९ केलें कीं!" आणि मग दोन तास ते बोलत राहिले. त्यांतील सार येथें देतों. कारण राष्ट्रपतीचा उमेदवार आणि आपलें मत यांचा मेळ कसा घालावा याविषयीं आम्हांला जें कांहीं कळलें आहे तें त्या दिवशींचें आहे.

१९६९ च्या मे महिन्यांत डॉ. झाकिर हुसेन वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. परंतु खुद्द पंतप्रधान इंदिराबाईंनीं 'सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणें' मत द्या म्हणून सांगितलें, आणि त्याचा अर्थ वराहगिरी वेंकट गिरी असा सर्वांनीं घेतला. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनीं तिसराच माणूस उभा केला : चिंतामणराव देशमुख. मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी, आय. सी. एस. परीक्षेंतहि पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, मेघदूताचे मराठी अनुवादक, गांधीजींचीं वचनें संस्कृत पद्यांत आणणारे. आमच्यासारख्या संस्कृतवाल्याचे डोळे नुसत्या यादीनेंच दिपतात. बंधु तेव्हां बावीस वर्षांचे. देशमुखांसाठीं नशिराबादेच्या भिंती रंगवायला निघाले होते. ह्या निवडणुकींत भिंतींना मत नसतें, हें त्यांस मागाहून कळलें.

पण मौज अशी, कीं अमेरिकेंतल्या त्या यंत्रांत घातले असते तर देशमुख आणि त्यांस उभे करणारा स्वतंत्र पक्ष यांचे गुण मुळींच जुळले नसते. मतदानापूर्वीं महिनाभरच, १९ जुलै रोजीं, चौदा बँका सरकारनें ताब्यांत घेतल्या होत्या आणि स्वतंत्र पक्ष त्यावर आग पाखडीत होता. इकडे देशमुख तर असे, कीं त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळांतच १९५५ सालीं इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि १९५६ च्या जानेवारींत आयुर्विम्याचा धंदा सरकारनें घेतला. मग त्यांस उभे केलें कशाला? बंधूंचें उत्तर असें : "त्यांनीं एकदां खुर्ची सोडून दाखविली होती." १९५६ सालीं मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनीं अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याला हें धरून. धोरणांत मत जुळत नसेल, पण वेळ आली तर हा माणूस 'नाहीं' म्हणूं शकतो, याचा पुरावा होता.

मोजणींत गिरींस ४,०१,५१५, रेड्डींस ३,१३,५४८ आणि देशमुखांस १,१२,७६९ मतें मिळालीं. विजयास ४,१८,१६९ हवीं होतीं, कोणासच नव्हतीं. देशमुख बाद झाले आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरील दुसरे अंक पाहण्यांत आले. ते बहुतेक रेड्डींचे निघाले, तरी शेवटीं गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. हव्या त्या आंकड्याहून अवघीं १,९०८ अधिक! ज्यांनीं देशमुखांपुढें १ घालून बाकीची जागा कोरी ठेविली असेल त्यांस पुढें काय वाटलें असेल, याचा विचार बंधु अडतीस वर्षांनंतरहि करीत होते. कारण सहा वर्षांनीं ज्या खुर्चीपुढें तो कागद आला, ती हीच खुर्ची.

तो कागद म्हणजे २५ जून १९७५ च्या रात्रींचा. खुर्चीवर तेव्हां गिरी नव्हते, फक्रुद्दीन अली अहमद होते. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाली. राष्ट्रपतींनीं रात्रींच सही केली. बंधूंचें म्हणणें असें, कीं राष्ट्रपतिपदाच्या कोणत्याहि उमेदवाराला पन्नास प्रश्न विचारण्याचें कारण नाहीं. एकच विचारावा : त्या रात्रीं तो कागद तुमच्यापुढें आला असता, तर तुम्हीं काय केलें असतें?

स्थालीपुलाकन्याय म्हणतात तो हा. भाताचें एक शीत दाबून पाहिलें कीं हंडीचें कळतें. आम्हांला तें त्या दिवशीं पटलें आणि आजहि पटतें. मात्र शीत दाबणें वाटतें तितकें सोपें नाहीं. घटनेनें राष्ट्रपतीस दिलेली मोकळीक किती? १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर इतकीच, कीं मंत्रिमंडळाचा सल्ला एकदां फेरविचारासाठीं परत पाठवितां येतो. पुन्हां आला कीं मान्य करावाच लागतो. एकदां! परंतु एकदांहि पुष्कळ असतें. १९९७ सालीं उत्तर प्रदेशांतील सरकार बरखास्त करण्याचा सल्ला के. आर. नारायणन् यांनीं परत पाठविला आणि तो पुन्हां आलाच नाहीं. पुढच्या वर्षीं बिहारच्या बाबतींतहि त्यांनीं तसेंच केलें. कलामांनीं २००६ सालीं लाभाच्या पदांचें विधेयक एकदां परत केलें, आणि संसदेनें तें पुन्हां पाठविल्यावर सही केली. मात्र त्याच कलामांनीं आदल्या वर्षीं बिहारची विधानसभा विसर्जित करण्याच्या कागदावर परदेशांत, मॉस्कोस असतांना, सही केली होती आणि सर्वोच्च न्यायालयानें तें विसर्जन घटनाबाह्य ठरविलें. एका हंडींतलीं दोन शितें निराळीं लागलीं, तर भाताला काय म्हणावें?

आणि झैलसिंगांचें काय? नेत्यानें सांगितलें तर झाडूहि हातीं घेऊं, अशा अर्थाचें त्यांचें बोलणें निवडणुकीच्या वेळीं गाजलें होतें. बंधूंच्या परीक्षेंत ते पहिल्या फेरींतच नापास झाले असते. पण १९८६ सालीं लोकांचीं पत्रें उघडण्याचा सरकारला ऐसपैस अधिकार देणारें टपाल विधेयक आलें, तेव्हां त्यांनीं त्यावर सही केली नाहीं कीं तें परतहि केलें नाहीं. नुसतें ठेवून दिलें. ज्या पक्षानें त्यांस त्या खुर्चीवर बसविलें होतें, त्याच पक्षाच्या सरकारचा तो कागद होता. हें धैर्य होतें, कीं पंतप्रधानांशीं बिघडलेलें होतें म्हणून घुणाक्षरन्यायानें उमटलेलें अक्षर होतें, यावर बंधूंचें आमचें कधींच एकमत झालें नाहीं.

आतां आमच्या ताई. पंधरवडा संपल्यावर आम्हींच बंधूंना त्यांच्या प्रश्नांत अडकविलें. २००४ पासून ताई राजस्थानच्या राज्यपाल होत्या. २००६ सालीं तेथील सरकारनें धर्मांतरास आळा घालणारें विधेयक संमत करून घेतलें, आणि राज्यपाल या नात्यानें ताईंनीं तें सही न करतां परत पाठविलें. बंधूंस तें विधेयक मनापासून हवें होतें. आम्हीं विचारलें, "कागद परत पाठविणारा माणूस पाहिजे ना? ही पाहा, हिनें पाठविला." ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "परक्या पक्षाचा कागद परत करणें सोपें. स्वतःच्या पक्षाचा आला तर?" आम्हीं म्हटलें, "तो प्रश्न शेखावतांनाहि विचारा." शेखावत आणीबाणींत स्वतः तुरुंगांत होते, हें त्यांच्या बाजूनें मोठेंच, परंतु स्वतःच्या मंडळींचा कागद परत करण्याचा प्रसंग त्यांच्यावरहि आलेला नव्हता. पाटी दोहींकडे कोरीच राहिली.

ताईंच्या पांच वर्षांत २५ जूनसारखी रात्र आली नाहीं, तेव्हां बंधूंच्या प्रश्नाचें उत्तरहि मिळालें नाहीं. त्यांच्या हातून तीसांवर माणसांची फांशी जन्मठेपेंत बदलली गेली, त्यावर मात्र घरांत पुन्हां कडाक्याचा वाद झाला. आम्ही त्या निर्णयाच्या बाजूचे, बंधु विरुद्ध. पण तो वाद जेवणाच्या पाटावर सुरू होऊन हात धुतांना संपत असे. २००७ चा तसा नव्हता. त्यांत आमची एक लबाडी होती, आणि ती बंधूंनीं ओळखली होती म्हणूनच तो इतका झोंबला. आपलें मत काय आहे हें आम्हीं स्वतःला विचारलेंच नव्हतें. उमेदवार जवळचा निघाला, मन आनंदलें, आणि त्या आनंदालाच आम्हीं मत म्हटलें. आपल्या जिल्ह्याच्या लेकीचा आनंद मानणें यांत गैर कांहीं नाहीं. आम्ही आजहि मानतों. परंतु पेढ्याचा डबा ज्याच्यापुढें धरला, त्याचे एकोणीस महिने आणि वहिनींच्या दोन बांगड्या त्या क्षणीं आमच्या ध्यानांत नव्हत्या.

आणखी एक कबूल करतों. ह्या निवडणुकींत पक्षाला आपल्या आमदारांवर आदेश बजावितां येत नाहीं. मतदान गुप्त असतें, आणि पक्षांतरबंदीचा कायदा येथें लागत नाहीं. म्हणजे आमदार जितका ह्या एका दिवशीं मोकळा असतो तितका क्वचितच असतो. त्याच्या १७५ मतांत नशिराबादेचाहि कण आहे. तरी त्यास एक कार्ड टाकून "अमुक प्रश्न उमेदवाराला विचारा" असें आम्हीं आजवर कधींहि लिहिलेलें नाहीं, आणि लिहिणारा कोणी आमच्या पाहण्यांत नाहीं. मुलांना मात्र आम्ही तीस वर्षें सांगत आलों, कीं लोकशाहींत नागरिक हा जागरूक असतो.

दिवाळींतल्या त्या रात्रीं झोंप न आल्यामुळें आम्ही उठलों आणि बंधूंच्या कपाटांतून जुनें पंचांग काढिलें. ते जाऊन आतां सहा वर्षें झालीं. वहिनी त्यांच्या आधींच गेल्या. वर्गांतील निवडणुकीच्या उरलेल्या दोन चिठ्ठ्या आम्हीं तेव्हां घरीं आणून दोघांच्या हातीं दिल्या होत्या आणि पुढें विसरलों होतों. त्या पंचांगांत होत्या. वहिनींच्या चिठ्ठीवर ताईंपुढें मोठा थोरला १, आणि बाकी सर्व कोरें. बंधूंच्या चिठ्ठीवर शेखावतांपुढें २. कलामांपुढें १. मॉस्कोच्या सहीवरून ज्यांस त्यांनीं आमच्यादेखत वर्षभर बोल लाविला होता, ते कलाम. ताईंच्या पुढची जागा कोरी. पण तेथें पेन्सिलीनें कांहींतरी लिहून खोडलेलें आहे. चष्मा लावून, दिव्याखालीं धरून पाहिलें. काय लिहिलें होतें तें लागत नाहीं.

सकाळीं नातीला दोन्ही चिठ्ठ्या दाखविल्या. तिनें त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलें, "आणि तुमची कुठें आहे?"

आम्हीं सांगितलें, कीं आम्ही निवडणूक-अधिकारी होतों, आम्हीं भरली नाहीं. तिनें वहीचें एक पान फाडलें, त्यावर तिन्ही नांवें लिहिलीं, आणि तें पेन्सिलीसह आमच्यापुढें ठेवून ती चहा आणावयास आंत गेली.